कोंबडी मैदानात, मालक पुण्यात

७ मे २०१२ च्या संध्याकाळी इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्न गावी, ईवुड पार्क मैदानावर, भर सामन्यात एक कोंबडी सोडण्यात आली. अंगावर क्लबच्या निळ्या-पांढऱ्या रंगाचं फडकं. समोर विगन अॅथलेटिकचा संघ. हा सामना हरला की ब्लॅकबर्न रोव्हर्स प्रीमियर लीगमधून खाली घसरणार, हे मैदानावर सगळ्यांना ठाऊक होतं. कोंबडीला बहुधा नसावं. ती बिचारी गवतावर थोडी हिंडली, कुणीतरी तिला उचलून बाहेर नेलं, आणि सामन्याची शेवटची काही मिनिटं उरली असताना विगनच्या आल्काराझने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. ०-१. वरच्या लीगमधला सलग अकरा वर्षांचा मुक्काम हलला.

इंग्लंडमध्ये निषेधाला टोमॅटो मिळत नाहीत असं नाही. कोंबडीच का, याचं उत्तर आपल्या सिंहगड रस्त्यावर आहे. तिथल्या व्यंकटेश्वरा हाउसमध्ये या क्लबचे मालक बसतात. अनुराधा देसाई आणि त्यांचे बंधू व्यंकटेश राव व बालाजी राव. धंदा कुक्कुटपालनाचा, नाव व्हेंकीज. १९७१ मध्ये बी. व्ही. राव यांनी हा उद्योग सुरू केला, आणि अंड्याचा भाव दलालाने न ठरवता कोंबड्या पाळणाऱ्याने ठरवावा म्हणून १९८२ मध्ये देशभरच्या पोल्ट्रीवाल्यांना एका समितीत आणलं. या गृहस्थांबद्दल वाकडं लिहायला माझी लेखणी वळत नाही. पण त्यांच्या पश्चात घराने फुटबॉल क्लब घेतला, तिथून पुढे लेखणीला उतार लागतो.

१९ नोव्हेंबर २०१० रोजी व्यवहार झाला. सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांत ब्लॅकबर्न रोव्हर्स, वर क्लबच्या डोक्यावरचं कर्जही अंगावर. आपल्याकडे ऊर भरून येणं साहजिक होतं. प्रीमियर लीगमधला अख्खा क्लब भारतीय कंपनीच्या हाती पहिल्यांदाच आला होता, आणि ती कंपनी मुंबईची नव्हे, चक्क पुण्याची. शिवाय क्लब कुठला, तर लँकेशरचा. सूत झपाट्याने कातणारी जेनी ज्याच्या डोक्यातून निघाली तो हारग्रीव्ह्‌ज ब्लॅकबर्नच्या शेजारचाच. त्या मुलखातलं कापड आपल्या बाजारात येऊन कोसळलं आणि आपल्या विणकरांचा धंदा बसला. त्याच परदेशी कापडाची होळी १९०५ मध्ये पुण्यात पेटली होती, टिळकांच्या साक्षीने. १९३१ मध्ये गांधीजी ब्लॅकबर्नला खेटून असलेल्या डार्वेनला गेले, बहिष्काराने बेकार झालेल्या गिरणी कामगारांना भेटले आणि त्या कामगारांनीच त्यांना टाळ्या दिल्या. एवढा इतिहास झाल्यावर पुण्याने त्या मुलखातला सव्वाशे वर्षांहून जुना क्लब रोख मोजून विकत घ्यावा, यात एक काव्य होतं. ते चोवीस दिवस टिकलं.

चोवीस दिवसांकडे वळण्याआधी क्लब काय होता ते सांगायला हवं, नाहीतर लोक एवढे का चिडले ते कळणार नाही. रोव्हर्सची स्थापना १८७५ ची. १८८८ मध्ये इंग्लंडची फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा हा क्लब संस्थापकांत, आणि १९९२ मध्ये प्रीमियर लीग निघाली तेव्हाही. दोन्ही बारशांना हजर असलेले क्लब तीनच. दुसरे दोन एव्हर्टन आणि अॅस्टन व्हिला. एफए कप सहा वेळा. गाव मात्र लाख-सव्वा लाख वस्तीचं, गिरण्या बंद पडलेल्या, म्हणजे आपल्या गिरणगावाला ज्याची ओळख पटेल असं.

त्या गावात जॅक वॉकर नावाचा एक पोलादाचा व्यापारी होता. त्याने धंदा ब्रिटिश स्टीलला विकला, हातात भरमसाट पैसा आला, आणि लहानपणापासून ज्या क्लबसाठी घसा कोरडा केला तो क्लब त्याने ताब्यात घेतला. केनी डॅलग्लिशला मॅनेजर केलं. अॅलन शिअररला आणलं. १४ मे १९९५ रोजी, मोसमाच्या शेवटच्या दिवशी, रोव्हर्स लिव्हरपूलमध्ये १-२ असे हरले. पण त्याच वेळी मँचेस्टर युनायटेडला लंडनमध्ये वेस्ट हॅमने बरोबरीत रोखलं आणि हरलेला संघ विजेता ठरला. वॉकर २००० मध्ये वारला. त्याचा पुतळा मैदानाबाहेर आहे. त्याच्या कुटुंबाच्या ट्रस्टने दहा वर्षं क्लब सांभाळला आणि मग व्हेंकीजना विकला. पोलादवाल्याच्या जागी पोल्ट्रीवाले आले याचं कुणाला वावडं नव्हतं. पैसे येणार होते, आणि पैशाचा वास कुठलाही असला तरी फुटबॉलच्या चाहत्याचं नाक तेवढ्यापुरतं बंद असतं.

आता चोवीस दिवस.

मॅनेजर होता सॅम अॅलरडाइस. बारा गावचं पाणी प्यालेला, जाडजूड, उंच चेंडू मारून सामने जिंकणारा. सुंदर खेळ बघायचा असेल तर त्याच्याकडे जायचं नाही. खाली घसरायचं नसेल तर त्याच्याशिवाय दुसरीकडे जायचं नाही. खरेदीनंतर आठच दिवसांनी मँचेस्टर युनायटेडने रोव्हर्सना ७-१ ने धुतलं, त्यातले पाच गोल एकट्या बर्बाटॉव्हचे. १२ डिसेंबरला बोल्टनकडून १-२ हार. १३ डिसेंबरला अॅलरडाइस घरी. संघ त्या दिवशी वीस संघांत तेराव्या क्रमांकावर होता. तेरावा म्हणजे ब्लॅकबर्नसारख्या क्लबला तेव्हा दसरा. मालकांना मात्र वरच्या सहा-सातांत बसायचं होतं. खुद्द मँचेस्टर युनायटेडचे मॅनेजर अॅलेक्स फर्ग्युसननी या हकालपट्टीवर जाहीर टीका केली, आणि हे गृहस्थ दुसऱ्या क्लबच्या दुःखात सहसा पडत नसत.

अॅलरडाइसच्या जागी कोण? स्टीव्ह केन. त्याच संघाचा सहायक प्रशिक्षक. याआधी कुठल्याच मोठ्या संघाचा मुख्य मॅनेजर म्हणून काम केलेलं नाही. आणि क्लब विकत घेताना मालकांना सल्ला देणाऱ्या मंडळींत जो खेळाडूंचा एजंट होता, तोच केनचाही एजंट. यात बेकायदा काही नव्हतं. लग्न जमवणाऱ्या मध्यस्थाने नवरदेवाच्या हातात घराची किल्लीही देऊन टाकावी, एवढंच. क्लबचा जुना अध्यक्ष जॉन विल्यम्स, ज्याने वर्षानुवर्षं तुटपुंज्या पैशात गाडा हाकला होता, तो फेब्रुवारीत बाहेर पडला.

इकडे स्वप्नं जोरात होती. जानेवारी २०११ मध्ये रोनाल्डिन्होला आणायची बोलणी. होय, तोच रोनाल्डिन्हो. ब्राझीलचा हसरा जादूगार डिसेंबरच्या गारठ्यात लँकेशरच्या चिखलात आडवा-उभा नाचतोय, हे चित्र सिंहगड रस्त्यावर कुणाला तरी पटलं असणार. तो अर्थातच ब्राझीलला, फ्लेमेंगोला गेला. मग एक जाहिरात आली. ब्लॅकबर्नचे खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये बसून सामन्याआधी व्हेंकीजची कोंबडी तोडतायत. सामन्याच्या तासभर आधी तळलेल्या तंगड्या खाणारा व्यावसायिक फुटबॉलपटू त्याआधी जगाने पाहिला नव्हता, त्यानंतरही नाही. आहारतज्ज्ञांनी त्या दिवशी काय केलं याची नोंद सापडत नाही.

ऑक्टोबर २०११ मध्ये तर अख्खा संघ पुण्यात. बालेवाडीला पुणे एफसीबरोबर मैत्रीचा सामना. तिकडे संघ गुणतक्त्याच्या तळाशी लोळत होता, आणि भर मोसमात त्याला सात हजार किलोमीटर उडवून इथे आणलं गेलं. ब्लॅकबर्नच्या लोकांनी हे कसं घेतलं असेल याची कल्पना करा. गणपतीच्या आदल्या आठवड्यात मंडळाच्या ढोल पथकाला वर्गणीदाराच्या कंपनीच्या वाढदिवसाला वाजवायला परगावी नेलं, तर पेठेत काय भाषा निघेल, ती इथे छापता येणार नाही.

आणि ईवुड पार्कवर लोक ओरडत होते, 'केन आउट'. दर सामन्याला. २० डिसेंबर २०११ रोजी बोल्टनकडून घरच्या मैदानावर १-२ हार झाली तेव्हा पूर्ण नव्वद मिनिटं तोच गजर. खेळ बघायला कुणी आलंच नव्हतं. गंमत म्हणजे त्यानंतर अकराच दिवसांनी, ३१ डिसेंबरला, याच केनच्या याच संघाने मँचेस्टर युनायटेडला त्यांच्या घरात जाऊन ३-२ ने हरवलं. त्या दिवशी फर्ग्युसन सत्तर वर्षांचे झाले होते. अॅलरडाइसच्या हकालपट्टीवर बोलल्याचं उट्टं केनने काढलं असंही कुणी म्हणेल. पण फुटबॉलमध्ये एका सामन्यावर मोसम निघत नाही, आणि मे महिन्यात कोंबडी आलीच.

लीगमधून घसरण झाली. जगातल्या कुठल्याही क्लबात यानंतर पहिली गोष्ट काय होते? मॅनेजर जातो. केन पुण्याला गेला. मालकांना भेटला. परत आला तो मॅनेजर म्हणूनच. तेराव्या क्रमांकावर असलेल्याला चोवीस दिवसांत हाकललं आणि एकोणिसाव्या क्रमांकावर नेऊन ठेवणाऱ्याला मुदत वाढवून दिली. शेवटी २८ सप्टेंबर २०१२ ला त्याने राजीनामा दिला, आणि जाता जाता सांगितलं की आपल्याला तो द्यायला भाग पाडलं.

इथे मला केनची थोडी बाजू घ्यावीशी वाटते. माणूस आपल्या कुवतीपेक्षा मोठ्या खुर्चीत बसला, हे खरं. पण देऊ केलेली खुर्ची कोण नाकारतो? आपल्याकडे तर अशा माणसाचा सत्कार होतो. दोन वर्षं त्या गावाचा सगळा राग त्याच्या टाळक्यावर कोसळत राहिला, कारण तो दिसत होता. टचलाइनवर उभा, ओठ मिटलेले, पावसात भिजत. मालक दिसत नव्हते. आजार रेड्याला आणि डाग पखालीला, असं आपण म्हणतो. फुटबॉलने त्याचा धंदाच केला आहे. चाहत्याला मालक बदलता येत नाही. क्लब बदलणं त्याला शक्य नाही. बायको, पक्ष, धर्म बदललेले लोक भेटतात, ब्लॅकबर्न सोडून हाडवैरी बर्नलीकडे गेलेला माणूस कुणी दाखवावा. खेळाडू करारात बांधलेले. म्हणजे हातचा असा एकच नग उरतो, आणि तो म्हणजे मॅनेजर. त्यामुळे मॅनेजर गेला की स्टँडमध्ये दोन आठवडे शांतता असते, नवा हसत स्कार्फ धरून फोटो काढतो, आणि मालकांना आणखी एक मोसम मोकळा मिळतो. या व्यवस्थेत मॅनेजर हा माणूस नसून मालकाचा विमा आहे. हप्ता तेवढा महाग.

किती महाग, ते पुढच्या मोसमाने दाखवलं. हा मोसम मी कुणालाही पुन्हा पुन्हा सांगायला तयार असतो.

केनच्या जागी ३१ ऑक्टोबर २०१२ रोजी हेनिंग बर्ग आला. नॉर्वेचा. १९९५ च्या विजेत्या संघातला बचावपटू, म्हणजे घरचा माणूस. याच बर्गने दोन वर्षांपूर्वी, अॅलरडाइस गेल्यावर, नॉर्वेच्या टीव्हीवर म्हटलं होतं की ज्याला आपली पत राखायची आहे असा कुठलाही खरा मॅनेजर ही नोकरी घेणार नाही. मग त्याने ती घेतली. तीन वर्षांचा करार. दहा सामने, एक विजय. २७ डिसेंबरला, सत्तावन्नाव्या दिवशी, हकालपट्टी.

भरपाईचा प्रश्न आला. करारात लिहिलं होतं की मुदतीआधी काढलं तर उरलेला पगार द्यायचा. क्लबने आधी हे मान्य केलं. मग कोर्टात वेगळीच भूमिका घेतली: ज्या व्यवस्थापकीय संचालकाने करारावर सही केली, त्याला अशी सही करण्याचा अधिकारच नव्हता. म्हणजे क्लबच्या सगळ्यात वरच्या अधिकाऱ्याने क्लबच्या मॅनेजरला नेमलं, जगाला सांगितलं, टीव्हीवर दाखवलं, दहा सामने खेळवले, आणि मालकांचं म्हणणं की यातलं आम्हाला नीट ठाऊकच नव्हतं. न्यायाधीशांनी हे ऐकून घेतलं नाही. बर्गला सुमारे साडेबावीस लाख पौंड मिळाले. सत्तावन्न दिवसांचा भाव काढा. एका विजयाचा भाव काढायला तर गणित लागतच नाही. अधिकार कुणाला, जबाबदारी कुणाची आणि पुण्यातून होकार कुणी दिला, हे त्या खटल्याने इंग्लंडच्या कोर्टाच्या कागदावर आणलं. उंटावरून शेळ्या हाकणं आपण ऐकून आहोत. इथे उंट एका खंडात, शेळ्या दुसऱ्या खंडात आणि मधे तीन-चार मेंढपाळ एकमेकांवर खेकसतायत.

त्या मेंढपाळांत एक 'जागतिक सल्लागार'ही होते. शेबी सिंग, मलेशियाचे माजी खेळाडू आणि टीव्हीवरचे समालोचक. त्यांनी चाहत्यांसमोर बसून केनबद्दल सांगून टाकलं होतं की ओळीने तीन सामने हरला तर गेला. मॅनेजर पदावर असताना! भारतीय कार्यालयात असली गोष्ट चहाच्या टपरीवर बोलतात, माइकवर नाही.

बर्गनंतर जानेवारी २०१३ मध्ये मायकेल अॅपलटन. हा शेजारच्या ब्लॅकपूलचा मॅनेजर होता, तिथे पासष्ट दिवस काढून इकडे आला, बहुधा स्थैर्य हवं होतं म्हणून. फेब्रुवारीत त्याच्या संघाने एफए कपमध्ये आर्सेनलला लंडनमध्ये १-० ने हरवलं. मार्चमध्ये त्याला काढलं. दिवस भरले सदुसष्ट. म्हणजे ब्लॅकपूलपेक्षा दोन दिवस जास्त. प्रगती म्हणायला हरकत नाही.

मधल्या मॅनेजरांची सगळी नावं घेत बसत नाही, ती रांग लांब आहे. गॅरी बोयर नावाच्या साध्या माणसाने अडीच वर्षं बऱ्यापैकी चालवलं. पॉल लॅम्बर्ट आला, मोसमभरही राहिला नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात ओवन कॉइलला आणलं, जो आधी हाडवैरी बर्नलीचा मॅनेजर होता. हे म्हणजे जखम बरी होतेय असं वाटल्यावर कुणीतरी मुद्दाम खपली काढावी. २०१७ च्या मेमध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स गोलफरकाने तिसऱ्या श्रेणीत घसरले. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब तिसऱ्या श्रेणीत जाण्याची ही पहिली वेळ. घसरणीनंतर मैदानातली गर्दी प्रीमियर लीगच्या दिवसांच्या निम्म्यावर आलेली. टोनी मॉब्रे हा शांत माणूस त्यांना वर्षभरात परत दुसऱ्या श्रेणीत घेऊन आला आणि पाच वर्षं टिकला. या क्लबात पाच वर्षं म्हणजे इतरांकडची हयात.

आता आपल्याकडून एक शंका हमखास निघते. मालक भारतीय, म्हणून गोऱ्यांना पोटदुखी. काही लोकांच्या बाबतीत ते खरंही असेल. कुठल्याही गर्दीत तशी माणसं असतात. पण मँचेस्टर युनायटेडचे ग्लेझर अमेरिकन आहेत, आणि त्यांच्याविरुद्ध लोकांनी हिरवे-सोनेरी मफलर घालून मोसम काढले. न्यूकॅसलचा तेव्हाचा मालक माइक अॅशली अस्सल इंग्रज, त्याने मैदानालाच आपल्या दुकानाचं नाव दिलं आणि वर्षानुवर्षं शिव्या खाल्ल्या. कार्डिफच्या मलेशियन मालकाने २०१२ मध्ये संघाचा निळा शर्ट लाल केला, कारण त्याला लाल शुभ वाटत होता. २०१५ मध्ये मुकाट्याने निळा परत. रागाला पासपोर्ट नसतो. आणि खुद्द ब्लॅकबर्नमध्ये गुजराती आणि पाकिस्तानी मुळाच्या लोकांची मोठी वस्ती आहे. रोव्हर्सचे निळे-पांढरे शर्ट घालून शुक्रवारी मशिदीत जाणारी पोरं त्या गावात आहेत. त्यांना भारतीय मालकाचं नावीन्य नाही. त्यांना मालक बघायला मिळाला असता तर बरं झालं असतं, एवढंच.

मालकांची बाजूही मांडतो, नाहीतर पुण्यातून पत्रं येतील. हे लोक क्लब लुटून पळाले नाहीत. वर्षानुवर्षं तोटा त्यांनी खिशातून भरला. चॅम्पियनशिप ही दुसरी श्रेणी म्हणजे पैसे जाळायची शेगडी आहे. तिथले बरेच क्लब कमाईपेक्षा जास्त पगार वाटतात आणि मालकाच्या चेकवर जगतात. राव कुटुंबाने तो चेक दरवर्षी फाडला. अनेक क्लब दिवाळखोरीच्या प्रशासनात गेले, गुण कापले गेले, काही मेलेच. ब्लॅकबर्न उभा आहे. हे मान्य करूनही चाहता चिडतो, कारण त्याला पैसे देणारा हवाच आहे, पण उत्तर देणाराही हवा आहे. मालक सामन्याला येत नाहीत. मुलाखत देत नाहीत. विकतही नाहीत. का ठेवला आहे क्लब, याचं कारणसुद्धा पंधरा वर्षांत कुणाला कळलेलं नाही. पुणेरी दुकानदाराबद्दल लोक काहीही बोलोत, तो निदान पाटी तरी लावतो.

आणि मग पैशाचा नळही बिघडला. परकीय चलनाच्या कायद्याखाली अंमलबजावणी संचालनालयाची चौकशी लागली, आणि क्लबला पैसे पाठवायचे तर दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी आणि तेवढ्याच रकमेची बँक हमी, अशी अट आली. चौकशी म्हणजे दोष नव्हे, हे नमूद करून ठेवतो. पण लँकेशरमधला एखादा निवृत्त प्लंबर, जो आयुष्यभर फक्त ऑफसाइडच्या निर्णयावर चिडला, तो आता दिल्ली हायकोर्टाची पुढची तारीख कधी आहे हे विचारू लागला. तारीख पे तारीख ही आपली खास निर्यात. ती प्रथमच फुटबॉलच्या बातम्यांत पोहोचली. २०२४ च्या सुरुवातीला घरच्या अकादमीतला, वयाची विशीही न गाठलेला अॅडम व्हॉर्टन क्रिस्टल पॅलेसला सुमारे १ कोटी ८० लाख पौंडांत विकला. त्या पैशातून नवे खेळाडू येतील अशी आशा होती.

नवा खेळाडू आणायची धडपड झाली, खोटं कशाला बोला. अमेरिकेतून डंकन मॅकग्वायर नावाचा पोरगा विमानाने आला, तपासण्या झाल्या, आणि खरेदीच्या शेवटच्या दिवशी क्लबने कागदपत्रं चुकीची भरली. बदली रद्द. पोरगा परत अमेरिकेला. यात नवल करावं तर त्याच्या बरोबर वर्षभर आधी, जानेवारी २०२३ मध्ये, लुइस ओब्रायनचे कागद वेळेत न पोहोचल्याने त्याचीही बदली अशीच बुडाली होती. त्या मोसमात रोव्हर्स वर जाण्याच्या प्ले-ऑफपासून फक्त गोलफरकाने दूर राहिले, सातवे. एकदा झाली तर चूक. दोनदा झाली की तिला परंपरा म्हणायचं. मॅकग्वायर प्रकरणानंतर आठवडाभरात मॅनेजर योन डाल टोमासनने क्लब सोडला. तो थेट स्वीडनच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला.

पण मला सर्वात बोलकी वाटते ती जॉन यूस्टसची गोष्ट. टोमासननंतर आलेला. २०२५ च्या फेब्रुवारीत त्याचा संघ पाचवा होता, म्हणजे प्रीमियर लीगचं दार दिसत होतं. त्याने नोकरी सोडली. कुठे गेला? डर्बी काउंटीला. डर्बी तेव्हा तळाच्या तिघांत, घसरणीच्या काठावर. पाचव्या क्रमांकाच्या संघाचा मॅनेजर स्वतःच्या पायांनी उठून बाविसाव्या क्रमांकाच्या संघाकडे चालत गेला, त्याच लीगमध्ये, भर मोसमात. मालक मॅनेजरला हाकलतात हे आपण बघतो. इथे मॅनेजरने मालकाला हाकललं असं म्हणायला हवं. त्या मोसमात प्ले-ऑफ पुन्हा हुकलं. त्याच वर्षी महिलांच्या संघाला दुसऱ्या श्रेणीत ठेवायचा खर्च क्लबला झेपला नाही, आणि मैदानावर न हरता तो संघ खाली गेला.

एक गोष्ट पुणेकर म्हणून टोचते. २०११ मध्ये बालेवाडीत रोव्हर्सशी खेळलेला पुणे एफसी २०१५ मध्ये बंद झाला. त्याआधीच इंडियन सुपर लीगमध्ये एफसी पुणे सिटी आला होता, तोही २०१९ मध्ये गुंडाळला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. व्हेंकीजचा या दोन्हीशी संबंध नव्हता, दोष त्यांचा नाही. पण हिशेब असा: पुण्याचा स्वतःचा वरच्या लीगमधला संघ नाही, आणि पुण्याच्या मालकीचा संघ बघायला पुणेकर जात नाहीत, मालकही जात नाहीत. कोल्हापुरात पेठेचा फुटबॉल संघ चालवणारी पाटाकडील तालीम किंवा खंडोबा तालीम कुणा उद्योगपतीने विकत घ्यायचं ठरवलं तर आधी कुणाकडून घ्यायची हेच त्याला कळणार नाही. पेठ विकायला निघत नाही. जर्मनीत लीगच्या नियमाने थोडंफार तेच केलं आहे: क्लबच्या मतांतला अर्ध्याहून मोठा वाटा सभासदांकडेच. इंग्लंडने मात्र क्लब दुकानासारखे विकले, आणि आता तक्रार करतायत की गिऱ्हाईक दुकानात येऊन बसत नाही.

ब्रिटनच्या संसदेला जाग आली ती २०२५ च्या जुलैमध्ये. फुटबॉल कारभाराचा कायदा झाला, स्वतंत्र नियामक आला. तो मालकांची पात्रता तपासणार, पैसा कुठून येतो ते बघणार, चाहत्यांचं म्हणणं ऐकायला क्लबांना भाग पाडणार. क्लबाचे रंग आणि बोधचिन्ह मनमानीने बदलायला बंदी, म्हणजे कार्डिफच्या लाल शर्टाला आता संसद आडवी येईल. सगळं रास्त. एक कलम मात्र मसुदा करणाऱ्यांना सुचलेलं नाही, ते मी फुकट देतो. मालकाने वर्षातून एकदा, जानेवारीतच, घरच्या मैदानावर पूर्ण सामना बघावा. काचेच्या खोलीत हीटरपाशी बसून नाही. ब्लॅकबर्न एंडच्या स्टँडमध्ये, रांगेतल्या खुर्चीवर, संघ दोन गोलांनी मागे असताना, शेजारच्या म्हाताऱ्याला प्रश्न विचारायची मुभा ठेवून. मुंबईहून मँचेस्टर, तिथून गाडीने तासाभराच्या आत ईवुड पार्क. सामना साधारण शनिवारी दुपारी तीनला असतो. छत्री सोबत ठेवावी, जेवण जाहिरातीतलं नेऊ नये.